खिळा, वाळू आणि मेण: जपानी बिडाचा मेणबत्ती-स्टँड समजून घेताना

जपानी बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, मेणबत्ती-स्टँड हातात घेतला की दोन गोष्टी लगेच लक्षात येतात. एक म्हणजे मधोमध उभा असलेला टोकदार खिळा. दुसरी म्हणजे लोखंडाचा खडबडीत, काळा, अजिबात न चमकणारा पृष्ठभाग. आपल्याकडच्या काचेच्या किंवा पितळी स्टँडला मेणबत्ती खोचायला खोबण असते. इथे उलट, मेणबत्तीच खिळ्यावर बसवायची. हे असं का, हे समजून घ्यायचं तर आधी मेणबत्तीकडे जावं लागतं, मग ओतकामाकडे आणि शेवटी झाडांकडे. मला स्वतःला या वस्तूचं सगळ्यात जास्त आकर्षण वाटतं ते याचमुळे. तिच्यातला एकही तपशील नुसता शोभेसाठी आलेला नाही.

आधी मेणबत्ती

पारंपरिक जपानी मेणबत्तीला वारोसोकु म्हणतात. ती बनते वातीपासून. बांबूच्या बारीक काडीवर वाशी म्हणजे जपानी हातकागद गुंडाळून नळी करतात. तातामी चटया ज्या इगुसा लव्हाळ्याच्या विणतात, त्याच्या काडीच्या आत पांढरा, हलका, सच्छिद्र गाभा असतो. तो सोलून काढून या कागदी नळीवर वेटोळ्यांनी अगदी दाट बसवतात आणि सुटू नये म्हणून वरून रेशमाचे तंतू लपेटतात. झाली वात. ती जाड असते आणि आतून पोकळ असते.

मग मेण. हे मेण मधमाशीचं नाही आणि खनिज तेलाचंही नाही. हेझ नावाच्या झाडाच्या बारीक फळांपासून ते काढतात. कोमट, लोण्यासारखं मऊ झालेलं मेण कारागीर उघड्या तळहाताने वातीवर चढवतो. एका हाताने बांबूच्या काड्या गोल फिरवत राहायचं, दुसऱ्या हाताने मेणाचा पातळ थर द्यायचा, सुकू द्यायचं आणि पुन्हा थर द्यायचा. अशी मेणबत्ती आडवी कापली तर झाडाच्या खोडात दिसतात तशी वर्तुळं दिसतात. शेवटी बांबूची काडी ओढून काढली की मेणबत्तीत तळापासून वरपर्यंत आरपार भोक राहतं.

स्टँडचा खिळा या भोकासाठी असतो. मेणबत्ती वरून अलगद दाबली की खिळा कागदी नळीत शिरतो आणि ती सरळ उभी राहते. खाली मेण वितळवून चिकटवायची भानगड नाही.

पोकळ वातीचा दुसरा परिणाम ज्योतीवर होतो. नळीतून हवा वर येत राहते आणि म्हणून वारा नसतानाही ज्योत डुलत राहते, असं हे कारागीर सांगतात. वात जाड असल्यामुळे ज्योत उंच आणि भरघोस असते. हेझचं मेण साधारण ५० अंशांच्या पुढे वितळतं, पण वात ते इतक्या जोमाने ओढून घेते की वाऱ्याच्या झोतात ठेवली नाही तर मेणबत्ती फारशी ओघळत नाही. काजळीसुद्धा कमी धरते, आणि धरली तरी ती पॅराफिनच्या काजळीसारखी चिकट नसते. देवळांतल्या सोनेरी वर्खाच्या कामासमोर रोज दिवे लावायचे, तर हा गुण फार मोलाचा.

एक काम मात्र वाढतं. आपल्या नेहमीच्या मेणबत्तीची विणलेली सुती वात जळताना एका बाजूला वाकते, तिचं टोक ज्योतीच्या बाहेर येतं आणि आपोआप जळून जातं. ही विणलेली वात १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये आली. लव्हाळ्याची वात सरळ उभी राहते, म्हणून तिचा कोळसा झालेला शेंडा मधूनमधून चिमट्याने किंवा खास कात्रीने खुडावा लागतो. जुन्या जपानी स्टँडबरोबर हा खुडलेला शेंडा टाकायला एक छोटं झाकणाचं भांडं असायचं, ते यासाठीच.

एहिमे प्रांतातलं उचिको, इशिकावातलं नानाओ, फुलांची चित्रं रंगवलेल्या मेणबत्त्यांसाठी प्रसिद्ध असलेलं फुकुशिमातलं आइझु, या गावांत ही मेणबत्ती आजही हाताने बनते. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, ती महाग वस्तू होती. सामान्य घरांत तेलाचा दिवा लागे आणि जिथे मेणबत्ती लागे तिथे ओघळलेलं मेण गोळा करून विकत घेणारे फेरीवाले दारोदार हिंडत. उरलेल्या मेणाचा पुन्हा मेणबत्तीसाठी उपयोग होई.

आता स्टँडकडे परत येऊ. वारोसोकुचे मुख्य आकार दोन. एक सरळ दंडगोल. दुसरा म्हणजे खाली निमुळता आणि वर पसरत गेलेला, ज्याला इकारी म्हणतात. इकारी मेणबत्तीचं वजन वरच्या बाजूला असतं आणि खाली तिला आधार फक्त एका खिळ्याचा. म्हणजे स्टँडचा तळ जड हवा, गुरुत्वमध्य खाली हवा आणि चुकून ओघळलंच तर मेण झेलायला खिळ्याभोवती ताटली हवी. लोखंड इथे साजतं ते त्याच्या वजनामुळे. पाण्याच्या सातपट जड असलेल्या या धातूचा तळहातावर मावेल एवढा तळसुद्धा मेणबत्तीला भक्कम धरून ठेवतो.

बीड म्हणजे काय आणि ते असं का वागतं

आपल्या घरी घावन-आंबोळ्यांसाठी बिडाचा तवा असतो. जपानी स्टँडचं लोखंड त्याच जातीचं. बीड म्हणजे ज्यात साधारण ३ ते ४ टक्के कार्बन आणि थोडं सिलिकॉन आहे असं लोखंड. एवढ्याशा कार्बनने फार मोठा फरक पडतो. शुद्ध लोखंड १,५३८ अंशांना वितळतं, बीड मात्र साधारण १,१५० ते १,२०० अंशांच्या पट्ट्यातच वितळतं. कोळसा आणि भाता एवढ्याच साधनांवर काम करणाऱ्या जुन्या ओतकऱ्यांना हे तीनएकशे अंश म्हणजे जमणं आणि न जमणं यातलं अंतर होतं.

दुसरा गुण असा की बिडाचा रस पातळ असतो, साच्याच्या बारीकसारीक कोपऱ्यात जाऊन बसतो. बहुतेक धातू थिजताना आकसतात. बीडही आकसतं, पण थिजताना त्यातला काही कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात वेगळा होतो आणि ग्रॅफाइट जागा जास्त व्यापतं. त्यामुळे आकसण्याची बरीच भरपाई होते. साच्याच्या भिंतीवर वाळूच्या कणाएवढा खड्डा असला तरी त्याची खूण लोखंडावर उमटते, ती या दोन गुणांमुळे.

हेच ग्रॅफाइट त्याची कमजोरीही आहे. पापुद्रे म्हणजे धातूच्या आत विखुरलेल्या बारीक फटीच म्हणायच्या. दाबाला बीड भरपूर टिकतं, ताणाला आणि ठोक्याला नाही. फरशीवर पडलेला बिडाचा तवा वाकत नाही, फुटतो.

यातून स्टँडचा आकार ठरतो. रस साच्यात गेला की पातळ भाग आधी थिजतात, जाड भाग मागून. जाड तळाला एकदम बारीक दांडा जोडलेला असेल तर दांडा आधी घट्ट होतो, तळ नंतर आकसताना त्याला ओढतो आणि जोडावर तडा जातो किंवा आत पोकळी राहते. शिवाय पातळ भाग झपाट्याने थंड झाला तर कार्बनला ग्रॅफाइट व्हायला वेळच मिळत नाही आणि तो भाग काचेसारखा कडक, ठिसूळ होतो. म्हणून ओतीव स्टँड ठेंगणा, गोलाईचा, जाडी हळूहळू बदलणारा असतो. तीन बारीक वाकवलेले पाय आणि लांब नाजूक दांडा दिसला की समजावं, हे बहुधा लोहाराच्या ऐरणीवर ठोकून घडवलेलं काम आहे. जुने जपानी लोखंडी स्टँड मोठ्या प्रमाणात असे घडीवच होते. दुकानात दोन्ही ‘जपानी लोखंडी’ म्हणूनच समोर येतात, पण त्यांच्यामागे दोन वेगळे धंदे आहेत. बीड ठोकून घडत नाही आणि घडीव लोखंड कोळशाच्या साध्या भट्टीत वितळून साच्यात ओतता येत नाही.

खिळ्याची गोष्टही यातलीच. बिडाचं बारीक, टोकदार टोक सहज तुटेल, म्हणून ओतीव स्टँडचा खिळा बऱ्याचदा पोलादाचा किंवा पितळेचा वेगळा करून तळात घट्ट बसवलेला असतो.

इवाते: नदी, वाळू, कोळसा

जपानमध्ये बिडाचं नाव निघालं की उत्तरेकडच्या इवाते प्रांताचं नाव निघतंच. तिथल्या कामाला नांबु तेक्की म्हणतात. तेक्की म्हणजे लोखंडी भांडी, आणि नांबु हे मोरिओकाच्या सरदार घराण्याचं नाव. काम दोन ठिकाणी चालतं, मोरिओका शहरात आणि दक्षिणेला सत्तर किलोमीटरच्या आत असलेल्या मिझुसावात. मिझुसावा २००६ पासून ओशु शहराचा भाग आहे. दोन्ही ठिकाणं कितागामी नदीच्या खोऱ्यात येतात. साच्याला लागणारी वाळू आणि चिकणमाती नदीची, लोहयुक्त वाळू आणि खनिज डोंगराचं, कोळसा जंगलाचा. माल दुरून आणावा लागत नव्हता.

दोन गावांचा इतिहास मात्र निराळा आहे. मिझुसावाची परंपरा बाराव्या शतकाच्या आगेमागे सुरू झाल्याचं सांगतात. इवातेतल्याच हिराइझुमी नगराला वैभवाला नेणाऱ्या फुजिवारा नो कियोहिराने ओमी प्रांतातून, म्हणजे आजच्या शिगातून, ओतकरी बोलावले. त्यांचं काम रोजच्या वापरातलं होतं, हंडे आणि कढया. मोरिओकाचं काम दरबारी. सतराव्या शतकात नांबु सरदारांनी चहासमारंभाच्या किटल्या करणारे कारागीर पदरी ठेवले. सुझुकी मोरिहिसा घराण्याची कार्यशाळा १६२५ पासून चालू आहे आणि क्योतोहून आलेल्या कोइझुमी निझाएमोन घराण्याने १६५९ पासून इथे किटल्या ओतल्या. अठराव्या शतकात याच कोइझुमी घराण्यातल्या तिसऱ्या निझाएमोनने चहाच्या मोठ्या हंडीला लहान करून तोटी आणि कडी लावली. तेत्सुबिन ही लोखंडी किटली तेव्हापासून घराघरांत गेली.

मिझुसावा खरं तर नांबुंच्या नव्हे, दाते घराण्याच्या मुलखात होतं. तरी आज दोन्हीकडच्या कामाला एकच नाव आहे, आणि १९७५ मध्ये जपान सरकारने नांबु तेक्कीला पारंपरिक हस्तकलेचा अधिकृत दर्जा दिला. आधुनिक जपानी पोलाद उद्योगाची पहिली पावलंही याच प्रांतात पडली. कामाइशीजवळ अभियंते ओशिमा ताकातो यांनी १८५८ च्या सुरुवातीला पाश्चात्त्य पद्धतीच्या झोतभट्टीतून पहिल्यांदा लोखंड काढलं. त्या भागातली हाशिनोची भट्टी २०१५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आली.

नांबु तेक्कीची खरी शान किटली आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. मेणबत्ती-स्टँड, उदबत्तीची घरं, वाऱ्यावर वाजणाऱ्या घंटा या त्या कौशल्याच्या धाकट्या वस्तू. पण साचा, वाळू आणि रंग तेच, आणि स्टँडवर ते जास्त उघडेपणाने दिसतात.

साच्याच्या आत

जुन्या पद्धतीला भाजलेला साचा म्हणतात. तिचं सगळं गणित उलट्यात चालतं. मोदकाच्या साच्यात कळ्या खोल कोरलेल्या असतात म्हणून मोदकावर त्या उठून दिसतात, तसंच इथे. लोखंडावर जे उठून दिसायला हवं ते साच्यात खोल जायला हवं.

कारागीर आधी वस्तूचा उभा छेद कागदावर काढतो आणि त्या रेषेबरहुकूम पत्रा कापतो. भाजक्या मातीच्या गोल कड्यात चिकणमातीच्या पाण्यात भिजवलेली वाळू भरायची, मधोमध हा पत्रा आसावर उभा करायचा आणि हाताने गोल फिरवायचा. पत्र्याची कड वाळूत वस्तूचा आकार कोरत जाते. आधी भरड वाळू, मग मध्यम, शेवटी चाळून घेतलेली अगदी बारीक. किटलीचं पोट, स्टँडचा तळ, मेण झेलणारी ताटली, हे आकार गोल फिरवून निघतात त्याचं मूळ या फिरत्या पत्र्यात आहे.

यानंतरचा टप्पा बघण्यासारखा आहे. नांबु तेक्कीवर दिसणाऱ्या बारीक उठावदार ठिपक्यांना आरारे म्हणजे गारा म्हणतात. साचा ओलसर असतानाच कारागीर बोथट टोकाची काडी घेऊन एकेक ठिपका दाबतो. ओळ आडवी सरळ हवी आणि वरच्या ओळीचे ठिपके खालच्या ओळीच्या फटींवर यायला हवेत. घेर जिथे मोठा तिथे ठिपका थोडा मोठा आणि घेर लहान होत जाईल तसा बारीक, म्हणजे काड्याही वेगवेगळ्या लागतात. दाब कमी पडला तर ठिपका चपटा उठतो, जास्त झाला तर शेजारचा ढासळतो. माती सुकत चाललेली असते, त्यामुळे हात थांबवून चालत नाही. मोठ्या किटलीवर असे ठिपके हजारांच्या घरात असतात. लहान स्टँडच्या तळावर दोनचार ओळीच असतील, पण ओळ जिथे पुन्हा स्वतःला येऊन मिळते ती जागा शोधून बघा. तिथे अंतर किती सफाईने जुळवलंय, त्यावरून काम हाताचं आहे की यंत्राचं आणि हात किती मुरलेला आहे, याचा अंदाज येतो.

ठिपके नको असतील तेव्हा साच्याच्या आतल्या भिंतीवर माती-वाळूचा लगदा हलकेच थोपटतात आणि लोखंडावर खडकासारखा किंवा झाडाच्या सालीसारखा पोत येतो. पोत म्हणजे तिथल्या भाषेत वस्तूची कातडी, आणि जाणकार गिऱ्हाईक आधी या कातडीवरून बोट फिरवून बघतो.

साचा सुकला की कोळशाच्या आगीत भाजतात. आत ओलावा राहिला तर रस ओतताक्षणी त्याची वाफ होऊन धातूत बुडबुडे पडतात किंवा साचाच फुटतो. वस्तू पोकळ हवी तर मध्ये वाळूचाच गाभा ठेवायचा. कोल्हापूरकडच्या फाउंड्रीवाल्यांचा कोअर तो हाच. साचा आणि गाभा यांच्यातली फट म्हणजे वस्तूची जाडी, किटलीत ती जेमतेम २ मिलिमीटर असते. मग १,४०० अंशांच्या पुढे तापलेला रस ओतायचा. रस पडायला लागतात काही सेकंद, त्याआधीची तयारी कित्येक दिवसांची.

सगळे स्टँड असे बनतात असं मात्र समजू नका. परवडणाऱ्या किमतीतले बहुतेक स्टँड दुसऱ्या पद्धतीने होतात. ओलसर वाळूत बेंटोनाइट माती मिसळायची, धातूच्या पॅटर्नवर यंत्राने दाबून साचा घ्यायचा, न भाजता तसाच रस ओतायचा आणि साचा मोडून तीच वाळू पुन्हा वापरायची. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत ग्रीन सँड म्हणतात ती हीच. त्या पद्धतीत फसवणूक काही नाही. मिझुसावाच्या अनेक कारखान्यांचं पोट तिच्यावर चालतं, आणि ताटलीची कड एकसारखी उतरणं, तळ टेबलावर न डुगडुगता बसणं, या गोष्टींना तिथेही अनुभवी माणूस लागतो. फक्त भाजलेल्या साच्याची किंमत यंत्राच्या साच्याला देऊ नये, एवढं गिऱ्हाइकाने बघावं.

काळा रंग झाडाचा आहे

साच्यातून निघालेलं बीड राखाडी असतं आणि तसंच ठेवलं तर लगेच गंजतं. किटल्यांसाठी मोरिओकात एक खास उपाय आहे. ओतलेली किटली पुन्हा कोळशाच्या आगीत ८०० ते १,००० अंशांपर्यंत तापवायची. पृष्ठभागावर काळसर ऑक्साइडचा घट्ट थर येतो आणि तो तांबड्या गंजाला अडवतो. स्टँडमध्ये पाणी उकळायचं नसतं, म्हणून त्याला हे करतातच असं नाही.

बाहेरचा रंग मात्र दोघांचा सारखा. लोखंड २०० अंशांच्या वर तापवायचं आणि त्यावर गवताच्या ब्रशने उरुशी चढवायची. उरुशी म्हणजे एका झाडाचा चीक. आपली लाख किड्यांपासून मिळते, ही झाडाच्या सालीला चिरा देऊन. लाकडावर उरुशी दमट हवेत हळूहळू घट्ट होते, पण तापल्या धातूवर ती भाजली जाऊन पक्की बसते. इवातेच्याच उत्तर भागातल्या जोबोजीत जपानमध्ये निघणाऱ्या उरुशीचा मोठा वाटा निघतो. झाड वाढायला दहा-पंधरा वर्षं लागतात, एका हंगामात त्यातून साधारण २०० ग्रॅम चीक मिळतो आणि मग झाड तोडतात. मुळातून पुन्हा फुटवे येतात.

उरुशीवर ओहागुरोचा हात फिरवतात. लोखंड आंबट द्रावणात मुरवून त्यात चहाचं पाणी मिसळलं की हे तयार होतं. लोखंडाचे क्षार आणि चहातलं तुरट टॅनिन यांची गाठ पडली की गडद काळपट रंग येतो. जुन्या जपानमध्ये लग्न झालेल्या बायका याच ओहागुरोने दात काळे करत. आपल्याकडच्या पणज्या लावत त्या दातवणाच्या काळेपणामागेही लोखंडाचे क्षार आणि तुरट पदार्थ यांचंच रसायन होतं.

आता झाडांकडे पुन्हा बघू. ज्या हेझच्या फळांचं मेण होतं ते झाड आणि उरुशीचं झाड वनस्पतिशास्त्रात एकाच प्रजातीतले भाऊ आहेत. त्यांचं कुळ आम्रकुल. आपला आंबा, काजू आणि बिब्बा याच कुळातले. बिब्बा उततो हे आपल्याला ठाऊक आहे. उरुशी तशीच उतते आणि नवशिक्या कारागिराच्या हातांवर, तोंडावर फोड येतात. चीक घट्ट झाला की धोका संपतो. उरुशी महाग झाली तेव्हा जपानमध्ये तिला पर्याय म्हणून काजूच्या टरफलाच्या तेलापासून रंग बनवला गेला आणि आज अनेक हस्तकलांमध्ये तो वापरात आहे. कोकणात काजू फोडणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल लावून जपून काम करतात, ते त्या टरफलाच्या तेलापायीच.

म्हणजे जपानी स्टँडवर पेटलेली मेणबत्ती आणि तिच्या खालच्या लोखंडाचा काळेपणा, दोन्ही सख्ख्या झाडांची देणगी आहे. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

देवळातून, चहाच्या खोलीतून, टेबलावर

मेणबत्ती जपानमध्ये बौद्ध धर्माबरोबर चीनकडून आली, त्यामुळे स्टँडची पहिली जागा देवापुढची. बौद्ध वेदीवर धुपाटणं, फुलदाणी आणि मेणबत्तीचा स्टँड असा तिघांचा संच मांडतात. जोदो शिन्शु पंथाच्या एका शाखेत कासवाच्या पाठीवर उभ्या क्रौंच पक्ष्याच्या आकाराचा स्टँड असतो. हे स्टँड बहुतेक काशाचे किंवा पितळेचे. तिथेही मेणबत्ती तोंडाने फुंकून विझवत नाहीत. आपल्या घरी समई कुणी फुंकत नाही, त्याच भावनेने.

दुसरी जागा चहाची. हिवाळ्यात संध्याकाळी सुरू होणाऱ्या चहासमारंभात तेशोकु नावाचा हातात धरायचा लांब दांड्याचा स्टँड लागतो. पाहुणे अंधाऱ्या बागेतून येतात, मधल्या फाटकाशी यजमान आणि मुख्य पाहुणा आपापले स्टँड एकमेकांना देतात आणि मग सगळे आत जातात. काळं, न चमकणारं लोखंड इथे फार शोभतं. पितळ ज्योतीचं प्रतिबिंब दाखवून नजर स्वतःकडे ओढतं, लोखंड उजेड गिळतं आणि नजर ज्योतीवरच राहते. माझी पसंती लोखंडालाच.

१९४१ मध्ये युद्धासाठी धातू गोळा करण्याचा हुकूम निघाला आणि देवळांच्या घंटांबरोबर वेदीवरची उपकरणंही वितळवायला गेली. इवातेतही घरगुती भांड्यांचं ओतकाम जवळपास थांबलं. युद्धानंतर हलकी ॲल्युमिनियमची भांडी आली, वीज तर आधीच आली होती. ओतकरी टिकले ते नव्या वस्तूंवर. १९९० च्या दशकात फ्रेंच चहाविक्रेत्याच्या मागणीवरून रंगीत चहादाण्या निघाल्या, चहादाणी गरम ठेवायला खाली छोटी मेणबत्ती ठेवायचे बिडाचे स्टँड निघाले आणि जेवणाच्या टेबलासाठी साध्या रेषांचे मेणबत्ती-स्टँडही.

घरी आणलाच तर

आपल्याकडे मिळणारी पॅराफिनची मेणबत्ती भरीव असते, ती थेट खिळ्यावर दाबली तर उभी चिरते. एक साधा खिळा पक्कडीत धरून गॅसवर तापवायचा, मेणबत्तीच्या तळात मधोमध सरळ भोक पाडायचं आणि मग ती स्टँडवर बसवायची. वात मध्यापासून सरकली असेल तर ज्योत एका बाजूला झुकते आणि मेण ओघळतं, म्हणून भोक पाडताना घाई नको. खिळा धातूचा असल्याने तोही तापतो, तेव्हा मेणबत्ती अगदी तळापर्यंत जळू देऊ नये. दोन बोटं उरली की विझवावी. पातळ पत्र्याच्या वाटीतली छोटी मेणबत्ती वापरणार असाल तर खिळ्याचा स्टँड घेऊच नका, सपाट ताटलीचा घ्या.

सांडलेलं मेण सुरीने खरवडू नका, उरुशीचा थर निघतो. हेअर ड्रायरने मेण मऊ करून सुती फडक्याने टिपून घ्या. राहिलेला पातळसा थर लोखंडाला इजा करत नाही, उलट थोडं संरक्षणच देतो. साबण आणि काथ्या अजिबात नको. मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात खरी काळजी घ्यायची ती तळाची, कारण खालच्या बाजूला रंग पातळ असतो आणि ओलावा तिथेच साचतो. स्टँड उघड्या दगडी किंवा सिमेंटच्या फरशीवर न ठेवता लाकडावर किंवा जाड कापडावर ठेवा. तांबडा डाग दिसलाच तर कडक चहात बुडवून पिळलेलं फडकं त्यावर बराच वेळ दाबून धरा आणि नंतर मंद आचेवर किंवा कडक उन्हात पूर्ण वाळवा. टॅनिन गंजाशी बांधलं जाऊन डाग काळा पडतो आणि आजूबाजूच्या रंगात मिसळून जातो.